शंका-समाधान : खाली उभे दोन नुक्ते

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीबद्दल आहेत. इंदुरात छपाई, निवेदन, ग्रंथालय, जुने कागद वाचणे अशा कामांत मराठी माणसाची तिच्याशी गाठ पडतेच. आमचे पान देवनागरीचे, त्यामुळे अरबी अक्षरे न छापता त्यांचे वर्णन केले आहे. युनिकोड क्रमांकही (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) देवनागरीत आहेत. टाइप करताना ते इंग्रजी आकडे आणि अक्षरांत करावेत. म्हणजे ‘०६७बी’ असे दिसले की शून्य, सहा, सात आणि इंग्रजी बी.

प्रश्न : खजुरी बाजाराजवळ आमचे कार्ड छपाईचे दुकान आहे. सिंधी कॉलनीतल्या एका घरच्या लग्नपत्रिकेचा मजकूर फोनवर आला. उर्दू फॉण्ट लावल्यावर काही ठिकाणी चौकोन आले, काही अक्षरे शब्दातून तुटून वर-खाली झाली. ‘बे’सारखे एक अक्षर आहे, पण त्याच्या खाली दोन टिंबे एकाखाली एक आहेत. ते हाताने दुरुस्त केले, तरी कार्ड परत आले. चूक नेमकी कुठे झाली?

ते अक्षर ‘ॿे’ (देवनागरी सिंधीत ॿ म्हणजे खाली रेघ दिलेला ब, उच्चार पुढच्या प्रश्नात). युनिकोड क्रमांक ०६७बी. अंग बे-ते-पे यांचेच, पण खालचे दोन नुक्ते, म्हणजे टिंबे, आडवे नसून उभे, म्हणजे एकावर एक. सिंधीत ते स्वतंत्र अक्षर आहे, ‘बे’चा प्रकार नव्हे. पाकिस्तानातल्या सरायकी भाषेतही हेच अक्षर वापरतात.

बहुतेक उर्दू फॉण्टांत हे अक्षर नसते, कारण उर्दूला त्याची गरज नाही. फॉण्टात अक्षर सापडले नाही की संगणक ते दुसऱ्या फॉण्टातून उचलतो किंवा चौकोन दाखवतो. उसने आणलेले अक्षर शेजाऱ्यांना नीट जुळत नाही. शिवाय उर्दूचे नस्तालिक वळण उतरते असते आणि उसने अक्षर सपाट नस्ख वळणाचे, म्हणून ते वर-खाली झालेले दिसते. सिंधी मुळातच नस्खमध्ये छापतात. तेव्हा नस्तालिकचा हट्ट सोडा आणि ‘लतीफ’, ‘शहरज़ाद न्यू’ किंवा ‘नोटो नस्ख अरेबिक’ यांपैकी एक फॉण्ट घ्या. तिन्ही मोफत आहेत आणि तिन्हींत सिंधीची सगळी अक्षरे आहेत. ‘लतीफ’ तर सिंधी डोळ्यापुढे ठेवूनच केलेला आहे. त्याचे नाव सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्यावरून आले.

आता हाताने केलेल्या दुरुस्तीबद्दल. ‘बे’ टाइप करून खाली एक टिंब चिकटवले असेल, तर पडद्यावर ते बरोबर वाटते, पण फॉण्टचा आकार बदलला की टिंब सरकते. नुक्त्यांची सुटी चिन्हे युनिकोडमध्ये आहेत, पण ती लिपी शिकवण्यासाठी. ती अक्षराला जोडली जात नाहीत. आणि चौकोनाच्या जागी खाली दोन आडवे नुक्ते असलेले अक्षर बसवले असेल, तर शब्दच बदलला.

हा मुद्दा जरा सविस्तर पाहू, कारण परत येणाऱ्या कार्डांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आले की या कुळातल्या अक्षरांचे पसरट अंग जाते आणि एक दात उरतो. त्या दातावर किंवा दाताखाली काय आहे, एवढ्यावरच अक्षर ठरते. खाली एक नुक्ता ब, उभे दोन ॿ, तीन प, चार भ. वर आडवे दोन त, उभे दोन ठ, चार थ. वर तीन नुक्ते असतील तर त्रिकोणाचे टोक पाहावे : टोक वर असेल तर अरबी शब्दांतला ‘से’, खाली असेल तर ट. त्याच दातावर एकच नुक्ता असेल तर न, नुक्त्याऐवजी ‘तोय’ या अरबी अक्षराची छोटी आकृती असेल तर ण, आणि खाली आडवे दोन असतील तर य. एका दाताची बारा अक्षरे झाली. दातानंतर अलिफ (आ) आणि रे (र) लिहा : खाली आडवे दोन नुक्ते दिले तर ‘यार’, उभे दोन दिले तर ‘ॿार’, म्हणजे मूल. एक दिला तर ‘बार’, म्हणजे ओझे. तीन दिले तर ‘पार’. पत्रिकेत मुलांच्या जागी मित्र आले तर कार्ड परत येणारच.

‘जीम’च्या, म्हणजे ज च्या, कुळातही तेच. पोटात आडवे दोन नुक्ते म्हणजे ञ (०६८३), उभे दोन म्हणजे ॼ (०६८४), तीन च, चार छ. वरातीला सिंधीत ‘ॼञ’ म्हणतात. लग्नपत्रिकेत हमखास येणारा हा शब्द अशा दोन अक्षरांचा, की अंग एकच आणि फरक फक्त नुक्ते उभे की आडवे एवढाच. प्रूफ तपासताना हा शब्द आधी शोधा. तो बरोबर असेल तर फॉण्टही बरोबर असण्याची शक्यता मोठी.

कामाचा क्रम असा ठेवा. मजकूर फोटोत न घेता टाइप केलेलाच मागवा. तो इनपेज या उर्दू मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतला असेल तर थेट कॉपी करू नका. त्याचे संकेतन वेगळे असते आणि कॉपी केल्यावर हाती कचरा येतो. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये मजकूर चिकटवून संपूर्ण परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा. नुसते उजवीकडे सरकवणे पुरत नाही. विरामचिन्हे आणि तारखा भलत्या टोकाला जातात. मग फॉण्ट लावा. एखादे अक्षर टाकायचे असेल तर ०६७बी टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, त्याजागी ॿे उमटेल. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा, नाहीतर अक्षरे सुटी पडतात आणि क्रमही उलटा होतो. जुन्या कोरलमध्ये या लिपीशी झगडण्यात वेळ घालवू नये : वर्डमधून पीडीएफ काढावी, इंकस्केपमध्ये अक्षरांचे वक्र करून घ्यावेत आणि ते चित्र म्हणून पानावर आणावेत. वक्र केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाची मंजुरी त्याआधी घ्या.

आकाराचेही बघा. अरबी वळणाचे बरेच फॉण्ट त्याच पॉइंटला देवनागरीपेक्षा बारीक दिसतात. १४ पॉइंटच्या खाली उतरलात तर उभे दोन नुक्ते एकमेकांत मिसळून एक लांबट ठिपका होतो आणि चार नुक्त्यांचा गोळा. सोनेरी फॉइल किंवा स्क्रीन छपाई असेल तर १८ च्या खाली जाऊ नका, आणि ओळींमधले अंतर सैल ठेवा. वरच्या ओळीचे खालचे नुक्ते खालच्या ओळीच्या वरच्या नुक्त्यांना भिडले की कोणता कोणाचा हे कळत नाही.

आणखी दोन चिन्हे सतत गळतात. ‘आणि’ या अर्थाचे हम्जासारखे दिसणारे चिन्ह (०६एफडी) आणि ‘मध्ये’ या अर्थाचे मीमसारखे (म सारखे) चिन्ह (०६एफई). ही दोन्ही खास सिंधीची आहेत. मीमसारखे दिसते म्हणून तिथे साधा मीम ठोकून देऊ नका.

प्रश्न : चेटीचंडाच्या, म्हणजे सिंधी नववर्षाच्या, कार्यक्रमात निवेदन करते. संहिता देवनागरीत मिळते, पण त्यात ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ असते. ती अक्षरे कशी उच्चारायची? आणि आमच्या टाइप करणाऱ्याला ती सापडत नाहीत. – एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

ॻ, ॼ, ॾ, ॿ ही ती चार. यांना अंतःस्फोटी व्यंजने म्हणतात. साध्या ‘ब’मध्ये ओठ उघडताना हवा बाहेर पडते. ‘ॿ’मध्ये ओठ मिटलेले असतानाच, घशातून आवाज चालू ठेवून, स्वरयंत्र किंचित खाली ओढायचे आणि मग ओठ उघडायचे, हवा क्षणभर आत खेचल्यासारखी होते. कंठमण्यावर बोट ठेवून ‘ॿार’ म्हणा. बोटाखाली तो थोडा खाली गेला तर जमले. गिळल्यासारखा आवाज आला तर जास्त ओढलेत. श्वास आत घ्यायचा नाही. ती सर्वसाधारण चूक आहे आणि तिने पुढचा स्वर अडतो.

‘ॾ’ला जवळचा आपला ‘ड’. लिहिताना मात्र आपल्याला ‘द’ची आठवण होते, कारण ॾह म्हणजे दहा आणि ॾंदु म्हणजे दात. तरी मंचावर ‘द’ म्हणू नका. ‘ॼ’ नेहमी ‘जीवन’मधल्या तालव्य ज वरून साधायचा, ‘जाळे’मधल्या दंत्य ज वरून नाही. मराठी निवेदक इथे फार अडखळतात. शब्दांच्या शेवटी लिहिलेले ऱ्हस्व उ-इ पुसटसे पण ऐकू येतील असे उच्चारावेत : ‘ॻोठु’ म्हणजे गाव, ‘ॻाल्हि’ म्हणजे गोष्ट. ऐन वेळी अंतःस्फोटी जमले नाही तर साधा ग-ज-ड-ब चालवून घ्या. संदर्भाने लोक समजून घेतात. अर्धवट ओढलेला आवाज त्याहून जास्त खटकतो.

टाइप करणाऱ्याला अक्षरे सापडत नाहीत, कारण तो बहुधा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये काम करत असावा. त्यात ती नाहीतच. युनिकोडमध्ये ती २००६ साली, ५.० आवृत्तीत आली : ॻ ०९७बी, ॼ ०९७सी, ॾ ०९७ई, ॿ ०९७एफ. मधला ०९७डी सिंधीचा नाही, क्रम सरळ आहे असे समजून तो टाकू नये. २००६ च्या आधी साध्या अक्षराखाली वैदिक अनुदात्ताची रेघ (०९५२) देत असत. जुन्या फायलींत ती अजून भेटते आणि दिसायला सारखीच असते, पण शोधताना वेगळी ठरते. ती बदलून घ्या. वर्डच्या ‘अंडरलाइन’ बटणाने रेघ मारणे तर मुळीच नको : मजकूर दुसरीकडे चिकटवला की रेघ गायब, आणि ‘ॿुधणु’सारख्या शब्दात ती उकाराला छेदून जाते. खऱ्या अक्षरात रेघ अक्षराचाच भाग असते आणि उकार तिच्याखाली बसतो.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या सिंधी पुस्तकांची यादी संगणकावर चढवली. पुस्तक समोर आहे, यादीत नावही दिसते, पण शोधले की ‘आढळले नाही’. असे का? – एक ग्रंथपाल, इंदूर

डोळ्याला एकच दिसणारी अक्षरे संगणकाला निरनिराळी आहेत. नोंदी कोणी उर्दू कळफलकावर केल्या, कोणी अरबी, कोणी सिंधी, म्हणून असे होते.

पहिला संशय ‘ये’वर घ्या. सिंधी ‘ये’ ०६४ए, शब्दाच्या शेवटीही खाली दोन नुक्ते. उर्दू-फारसी ‘ये’ ०६सीसी, शेवटी बिननुक्त्याचा. शब्दाच्या मध्ये दोन्ही हुबेहूब. ‘सिंधी’ हा शब्दच या अक्षराने संपतो, त्यामुळे तुमची निम्मी यादी इथे अडकली असण्याचा संभव आहे. ०६सीसी सगळीकडे ०६४ए करून टाका, त्यात धोका नाही.

‘ह’ची तीन रूपे आहेत : ०६४७, दोन डोळ्यांचा ०६बीई आणि उर्दूचा ०६सी१. झ आणि घ लिहिताना जीम (ज) व गाफ (ग) यांना ०६बीई जोडतात. एरवी ‘ह’साठी ०६४७. पण पुष्कळ लोक ‘ह’साठीही ०६बीई वापरतात, आणि त्यांना चूक ठरवून यादी सुटणार नाही. मूळ नोंद जशी आहे तशी ठेवून शोधासाठी वेगळा रकाना करा आणि त्यात तिन्ही एकच धरा.

‘क’ला मात्र हात लावताना जपून. अरबी-उर्दू मजकूर सारखा करणारी तयार साधने सगळे काफ एकात मिळवतात. सिंधीत ते चालत नाही. सिंधीचा ‘क’ म्हणजे आडवा पसरलेला काफ, ०६एए. उर्दूत जो ‘क’ आहे, ०६ए९, तो सिंधीत ‘ख’ वाचतात. ‘कारो’ म्हणजे काळा, ‘खारो’ म्हणजे खारट. फरक फक्त या दोन काफांचा. साधनाने ते एक केले की परत वेगळे करता येत नाहीत, एकेक शब्द वाचून बघावा लागतो. फक्त अरबी काफ (०६४३) आढळला तर तो ०६एए करावा. उर्दू कळफलकावर केलेल्या नोंदींत ०६ए९ हा क आहे की ख, हे सिंधी जाणणाऱ्याकडूनच तपासून घ्या. हे काम यंत्रावर सोपवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘ॾ’चेही एक जुळे आहे. दालवर तीन नुक्ते, टोक खाली : ०६८एफ, हा सिंधीचा. टोक वर : ०६८ई, हा सिंधीत नाही. यादीत ०६८ई दिसला तर ती बहुतेक टाइप करणाऱ्याची चूक समजा. उरलेल्या दाली अशा : नुक्ता नाही तो द, वर एक तो ‘ज़ाल’, वर दोन ध, खाली एक ड, खाली दोन ढ.

प्रश्न : मला उर्दू वाचता येते. शेजारच्या सिंधी कुटुंबाची जुनी पत्रे वाचून देऊ शकेन का? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

थोड्या तयारीने. उर्दूत ट, ड, ड़ वर छोटा ‘तोय’ असतो, सिंधीत त्यांना नुक्ते असतात : ‘रे’वर चार नुक्ते म्हणजे ड़, ‘फे’च्या अंगावर चार म्हणजे फ. काफचा घोळ वर आलाच आहे. उर्दू वाचणारा सवयीने ख ला क म्हणतो आणि पुढचा सगळा शब्द चुकतो. गाफखाली उभे दोन नुक्ते म्हणजे ॻ (०६बी३), गाफवर दोन म्हणजे ङ (०६बी१). शब्दाच्या शेवटी अनुनासिकासाठी उर्दूचा बिननुक्त्याचा नून नसतो, साधाच नून असतो. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, म्हणून शब्द माहीत असल्याशिवाय नावे वाचू नका, घरच्यांनाच विचारा.

हाताच्या लिखाणात आडवे दोन नुक्ते पुष्कळदा एका रेघेत उरकतात आणि तीन नुक्त्यांचे एक टोकदार चिन्ह होते. म्हणून आधी त्याच हातचा ओळखीचा एखादा शब्द शोधा, गावाचे किंवा माणसाचे नाव, आणि लिहिणाऱ्याने उभे दोन नुक्ते कसे काढले आहेत ते ठरवून मग पुढे जा.

पत्र सरायकीतले निघाले तर? ॿ, ॼ, ॻ तिथेही तसेच. पण सरायकीचा ॾ निराळा : दालवर छोटा तोय आणि खाली उभे दोन नुक्ते (०७५९). तो दिसला की सिंधी शब्दकोश बाजूला ठेवा.

प्रश्न : सिंधीला इतकी अक्षरे कोणी दिली? आणि सरकारदरबारी खरी लिपी कोणती, अरबी की देवनागरी? आमच्या एका परिचितांकडे जुनी वही आहे, ती दोन्हींतली वाटत नाही.

५२ अक्षरांची ही वर्णमाला १८५३ साली ब्रिटिश अमदानीत ठरवली गेली. सिंध १८४३ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८४७ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्यात होता. १८५३ च्या आधी सिंधी अनेक लिप्यांत लिहिली जाई, आणि देवनागरी घ्यावी असे म्हणणारेही होते. कॅप्टन जॉर्ज स्टॅक यांनी सिंधी व्याकरण देवनागरीत दिले होते. आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे एक नाव म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधमधल्या शिक्षण खात्याच्या या अधिकाऱ्याकडे १८६८ मध्ये व्यापाऱ्यांची खुदाबादी लिपी सुधारून प्रमाण करण्याचे काम आले. कराचीतली एन. जे. व्ही. शाळा त्यांच्याच नावाची.

भारतात १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. लिप्या दोन्ही चालतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही सिंधी देवनागरीत किंवा अरबीत लिहिता येते. अर्जावर लिपीचा रकाना असेल तर तो भरा, एवढेच.

वही हातात घेऊन दोन गोष्टी पाहा. ओळी डावीकडून उजवीकडे जातात का, आणि अक्षरांना नुक्ते आहेत का. डावीकडून लिहिलेली, बिननुक्त्याची, शिरोरेखा नसलेली आणि आकड्यांनी भरलेली असेल तर ती बहुधा खुदाबादी किंवा तिच्या कुळातली वाणिका लिपी. मोडी वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही : हिशेबाच्या घाईत काना-मात्रा गाळलेल्या असतात आणि शब्द अंदाजाने भरावा लागतो. खुदाबादी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, तिचा तक्ता ११२बी० पासून सुरू होतो. तो छापून वहीशेजारी ठेवा. सुरुवात आकड्यांपासून करा. बेरजा जुळल्या की आकड्यांची ओळख पक्की होते; मग महिन्यांची नावे, मग माणसांची. पाने सुटी झाली असतील तर चिकटपट्टी लावू नका. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो घ्या आणि वाचन त्या फोटोंवरून करा.